हिरकणीवाडीची शेवटची गाडी

माझी लेक यंदा चौथीत आहे. चौथीत शिवरायांचा इतिहास असतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. गेले सहा महिने आमच्या घरात जेवताना-झोपताना गड, किल्ले आणि मावळे हाच विषय. त्यातही तिला वेड लागले ते हिरकणीचे. हिरकणी ही रायगडाच्या पायथ्याशी राहणारी गवळण. दूध घालायला गडावर गेली आणि सूर्य मावळताच गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ. पहारेकऱ्यांनी दरवाजा उघडला नाही, तेव्हा ती कडा उतरून खाली गेली. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २०१९ साली तिच्यावर मराठी चित्रपटही आला. पायथ्याच्या वस्तीचे नावच हिरकणीवाडी.

जानेवारीत आम्ही माझ्या माहेरी, खेडजवळच्या गावी गेलो होतो. तिथून रायगड फार लांब नाही, असे कुणीतरी बोलून गेले आणि लेकीने हट्टच धरला. भावाची गाडी होती, पण त्याला त्या दिवशी चिपळूणला जायचे होते. मी म्हटले, पुढच्या सुट्टीत बघू. तेव्हा अम्मी म्हणाली, "गाडी नाही म्हणून पोरीला थांबवतेस? आम्ही उभी हयात एस.टी.नेच फिरलो."

अम्मीचे वय ७६. गुडघे दुखतात, चढ चढताना दम लागतो, पण घरी बसवत नाही. अशा रीतीने नानी, लेक आणि नात, आम्ही तिघी निघालो.

तिघींचे एक तिकीट

खेडहून महाडकडे येणाऱ्या गाडीत बसलो. कंडक्टरने आधार कार्ड पाहिले आणि हिशोब सांगितला. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे, म्हणून अम्मीचे शून्य. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे, म्हणून माझे अर्धे. लेक बारा वर्षांच्या आतली, म्हणून तिचेही अर्धे. तीन पिढ्यांचा प्रवास एका तिकिटात! अम्मी हसून म्हणाली, "तुझे अब्बा असते तर म्हणाले असते, रोजच फिरायला जा गो."

थट्टा सोडली तरी ही गोष्ट लहान नाही. आपल्या मोहल्ल्यांत कितीतरी बायका अशा आहेत की नवरा आखाती देशात, मुलगा मुंबईत आणि घरातली गाडी चालवणारे कुणी नाही. दवाखाना, बँक, माहेर, लेकीचे कॉलेज, सारे काही दारावरून जाणाऱ्या लाल गाडीवर अवलंबून. निम्म्या भाड्याने अशा बायकांना घराबाहेर काढले. कुणाची विनवणी न करता कुठेतरी जाता येणे, ही काय चीज आहे हे तिलाच ठाऊक, जिला ते कधी जमले नव्हते.

कशेडी मागे टाकून गाडी पोलादपूरला थांबली. पुढे महाडच्या अलीकडे सावित्री नदीचा पूल आला तशी अम्मीची कुजबुज थांबली आणि ओठ हलू लागले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहने माणसांसकट वाहून गेली. नवा पूल पुढच्या वर्षी जूनमध्ये सुरूही झाला. पण कोकणातली माणसे अजून या पुलावर बोलणे थांबवतात. सार्वजनिक गाडीत बसणारा माणूस रस्ता, पूल, चालक, सारे काही दुसऱ्यावर सोपवून डोळे मिटतो. त्याचा तो भरवसा राखणे हे सरकारचे पहिले काम.

महाडात पायी

महाडच्या स्थानकावर उतरलो. रायगडाची गाडी लागायला वेळ होता. शेजारी एक हिरवी-पांढरी निमआराम गाडी उभी होती. लेकीने मोठ्याने वाचले, "हि-र-क-णी!" एस.टी.ने आपल्या निमआराम गाड्यांना हे नाव दिले आहे. इतकेच नव्हे, तान्ह्या बाळांना दूध पाजण्यासाठी स्थानकांवर जी आडोशाची खोली असते, तिचेही नाव 'हिरकणी कक्ष'. लेकीला ते सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हिरकणी एस.टी.त कामाला होती?"

हातात वेळ होता म्हणून चवदार तळे पाहायला चालत गेलो. अंतर जास्त नाही. पण आपल्या सगळ्याच तालुक्याच्या गावांत जे असते ते इथेही. रस्त्याच्या कडेला दुचाक्या उभ्या, त्यांच्या पुढे हातगाड्या, त्यांच्या पुढे गटाराचे झाकण आणि उरलेल्या पट्टीत चालणारी माणसे. अम्मीला एका हाताने धरू की लेकीला, असा प्रश्न. मोटारवाला हॉर्न वाजवतो, जणू रस्ता त्याचा आणि आपण घुसखोर.

तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा अम्मीला मी इथला इतिहास सांगितला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी प्रत्यक्षात कुणी पाण्याला हात लावू शकत नव्हते. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत तळ्यावर आले आणि पाणी प्याले. त्यानंतर दलितांवर हल्ले झाले, तेव्हा कित्येकांनी महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. तेव्हा मंडपासाठी कुणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने आले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडपर्यंत पायी आले.

मी हे सांगत असताना अम्मी पाण्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे कागदावर तळे खुले होते, पण तिथवर जायची वाट बंद होती."

तिने सहज म्हटलेले हे वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून गेले नाही.

गप्पांत वेळ गेला आणि आमच्याच चुकीने रायगडाची गाडी हुकली. आता मिनीडोअर. कोकणात मिनीडोअर म्हणजे काय ते सांगायला नको. सहा जणांच्या जागेत किती माणसे बसतील हे चालकाच्या इच्छेवर.

पाचाड आणि पुढे

नाते, कोंझर असे करत रस्ता डोंगरात शिरतो. नात्याच्या पुढे शाळेतून घरी निघालेल्या मुली दिसल्या. काही चालत, दोघी सायकलवर. चढ आला तशा उतरून सायकली ढकलू लागल्या. मागून मोठी गाडी आली की सायकल कडेच्या खडीत घालायच्या, गाडी गेली की पुन्हा डांबरावर आणायच्या. त्या गप्पा मारतच हे करत होत्या. सवयच झाली असावी.

या जिल्ह्याचे नाव पूर्वी कुलाबा होते, हे लेकीला माहीत नव्हते. १९८१ साली ते बदलून रायगड झाले. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले, सावित्रीच्याच काठच्या आंबेतचे. अम्मीने ही माहिती अशा थाटात दिली की जणू नाव बदलायला तीही मंत्रालयात गेली होती.

पाचाडला जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे. गडावरची थंड हवा आणि वारा त्यांना मानवत नव्हता, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली वाडा बांधला, असे सांगतात. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊंचे इथेच निधन झाले. अम्मी समाधीपाशी बराच वेळ उभी राहिली. म्हाताऱ्या आईला चढ झेपत नाही म्हणून मुलाने सोय खाली आणली, ही गोष्ट तिला भावली असावी. तिथे एका झाडाखाली तिने मुसाफिराची जोहर अदा केली आणि आम्ही पुढे निघालो.

चित्त दरवाजापासून गडाच्या पायऱ्या सुरू होतात, चौदाशेहून अधिक. रस्ता तसाच पुढे हिरकणीवाडीला जातो आणि तिथे रोपवे. १९९६ साली तो सुरू झाला. ज्या कड्यांनी शत्रूला शेकडो वर्षे खाली रोखले, त्या कड्यांवरून चारशेहून अधिक मीटरची चढाई पाळण्यात बसून काही मिनिटांत होते. अम्मीसारख्या माणसांना रायगड पाहता आला तो या पाळण्यामुळे.

त्या दिवशी गर्दी होती. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यात रायगड आहे. आता साऱ्या जगाने यावे अशी ही जागा. पण हिरकणीवाडीत पाहिले तर जागा गाड्यांनीच भरलेली. दोन्ही कडांना मोटारी लावलेल्या, मधून मोटारी वळवणारे लोक आणि त्यांच्या मधून ताक, काकडी, लिंबूसरबत विकणाऱ्या बायका टोपल्या सांभाळत चाललेल्या. आम्ही एकीकडून ताक घेतले. थंडगार, वर कोथिंबीर पेरलेली.

वर गेल्यावर अम्मी गंगासागर तलावापाशी सावलीत बसली आणि मी लेकीला घेऊन हिरकणीच्या टोकाकडे गेले. वाट अरुंद आहे. टोकावर बुरूज, तोफा आणि समोर एकदम तुटलेला डोंगर. खाली पाचाडची घरे काड्यापेटीएवढी. लेकीने माझा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने विचारले, "मम्मी, ती इथून उतरली?"

"तसे सांगतात."

"पण त्या काकांनी दरवाजा का नाही उघडला? तिचे बाळ रडत होते ना?"

मी म्हटले, नियम होता. गडाच्या रक्षणासाठी तो पाळावाच लागायचा. पहारेकऱ्यांचेही चुकले नाही.

"मग दरवाजा बंद व्हायच्या आधी तिला कुणी सांगितले का नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. कथेत पुढे महाराज तिच्या धाडसाचे कौतुक करतात, तिला साडी-चोळी देतात आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतात. किल्ल्यासाठी ते योग्यच होते. पण आपण मोठी माणसे तिच्या धाडसावर थांबतो. मुलांना आधी बंद दरवाजा दिसतो.

अंधारातली वाट

खाली यायच्या रांगेत बराच वेळ गेला. हिरकणीवाडीत उतरलो तेव्हा उन्हे डोंगरामागे गेली होती आणि संध्याकाळची गाडी निघून गेली होती. मोटारी एकेक करून निघत होत्या. सगळ्या भरलेल्या. अम्मी म्हणाली, "उभे राहून काय होणार? पाचाडच्या दिशेने चालू या, काहीतरी मिळेल."

खिंडीकडे चढ आहे. रस्ता चांगला आहे, गाड्यांसाठी. चालणाऱ्याने कुठून चालावे, हे मात्र कळत नव्हते. दिवे नव्हते. वळणावर समोरून उजेड आला की डोळे दिपत आणि तो गेला की पायाखालचे दिसेनासे होई. मी मोबाइलचा दिवा मागे धरला, म्हणजे येणाऱ्याला आम्ही दिसू. एका वळणावर एक गाडी इतक्या जवळून गेली की अम्मी गवतात गेली आणि तिची एक चप्पल उतारावर घरंगळली. मी हाक मारली तर ती म्हणाली, "मी ठीक आहे, पोरीला धर." तिचा आवाज कापत होता. माझे हातही.

लेक काही वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मम्मी, आता आपण पण हिरकणी झालो ना?"

इतक्यात मागून एक मिनीडोअर आली आणि थांबली. आत दिवसभराचा बाजार आटोपून घरी निघालेल्या बायका, रिकाम्या टोपल्या मांडीवर. त्यात आमची ताकवालीही. "अगो, आजीला आधी घ्या," म्हणत सगळ्या सरकल्या. एकीने लेकीला मांडीवर घेतले. चालक खाली उतरला, बॅटरी घेऊन चप्पल शोधून आणली. अल्लाह त्या सगळ्यांना सुखी ठेवो.

मी ताकवालीला विचारले, रोज असेच जाता? ती म्हणाली, "मिळेल त्याने. शेवटची गाडी चुकली की मग असेच. गिऱ्हाईक शेवटच्या गाडीपर्यंत थांबते, ताई. मग धंदा करायचा की गाडी पकडायची?" तिची मुलगी महाडला कॉलेजात जाते. संध्याकाळी उशिराचा तास असेल तर ती तो बुडवते. "पोरगी हुशार आहे हो," ती म्हणाली आणि टोपलीवरचे फडके सारखे करू लागली.

साडेतीनशे वर्षांपूर्वीही याच डोंगरात एक बाई दूध विकायला आली होती आणि दरवाजा बंद होण्याच्या वेळेशी झुंजत होती. आज दूध जाऊन ताक आले आणि दरवाजाच्या जागी शेवटची गाडी आली.

काय करता येईल?

घरी परतल्यावर मी पुष्कळ विचार केला. तक्रार करणे सोपे असते. पण इथे उपाय अवघड नाहीत आणि ते परक्या देशातूनही आणायचे नाहीत.

दरवर्षी जूनमध्ये राज्याभिषेक सोहळ्याला लाखो लोक येतात, तेव्हा खासगी गाड्या खालीच थांबवतात आणि एस.टी.च्या गाड्यांनी लोकांची ने-आण करतात. मग सोहळ्याला जे होते ते दर शनिवार-रविवारी का नको? मोटारी कोंझर-पाचाडच्या आसपास थांबाव्यात आणि तिथून लहान गाड्या हिरकणीवाडीपर्यंत दर थोड्या वेळाने फिराव्यात. शेवटची गाडी घड्याळावर नव्हे, रोपवेच्या शेवटच्या पाळण्यावर ठरावी. पाळण्यातून उतरलेला शेवटचा माणूस आणि टोपली उचललेली शेवटची बाई बसल्याशिवाय ती निघू नये. महाडला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही, कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक वीर. तिथे थांबणाऱ्या गाड्यांशी या बसची वेळ जुळली, तर मुंबईचा माणूसही मोटार घरी ठेवून येईल.

चालण्यासाठी चित्त दरवाजा ते हिरकणीवाडी या पट्ट्यात रस्त्यापासून उंच, कठडा असलेली पायवाट आणि वळणांवर सौरदिवे हवेत. नात्याच्या त्या मुलींसाठी डांबराच्या कडेला खडीऐवजी सायकलपुरती सपाट पट्टी हवी. रस्ता रुंद करताना ती सुरुवातीलाच धरली तर खर्च नगण्य, नंतर करायची तर जागाच उरत नाही.

गाड्या खाली ठेवल्या तर धंदा बुडेल, अशी भीती दुकानदारांना वाटते. ती खोटी म्हणता येणार नाही. पण याच जिल्ह्यातले माथेरान पाहा. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि गाव पर्यटकांवरच जगते. तिथली छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती उभारली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, पैसा लावला त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. आपल्यातल्या श्रीमंतांनी शंभर वर्षांपूर्वी लोकांच्या प्रवासाची सोय हे पुण्याचे काम मानले होते, हे आज आठवण्यासारखे आहे. माथेरानलाही सगळे सुरळीत नाही. माणसाने माणूस ओढायच्या हातरिक्षा बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. पण तिथे ई-रिक्षा आल्या आणि शाळकरी मुलांची, वृद्धांची पायपीट कमी झाली. चालत येणारा पर्यटक प्रत्येक दुकानापाशी थांबतो. मोटारीतला काच वर करून निघून जातो.

आणि आपण? सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. मोहल्ल्यातून चार कुटुंबे चार गाड्या घेऊन निघतात, तेव्हा तीच गर्दी आपण करत असतो. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. लग्नाच्या वऱ्हाडाला आपण ती घेतोच, सहलीलाही घेता येते. शाळांच्या सहलींना त्यात सवलत आहे. गाडीची वेळ बदलून हवी असेल तर आगार व्यवस्थापकांकडे गावाचा लेखी अर्ज द्यावा. ग्रामसभेत पायवाटेचा ठराव मांडावा. आणि त्या ग्रामसभेला बायकांनी जावे, कारण शेवटची गाडी किती वाजता जाते हे त्यांना घड्याळ न बघता ठाऊक असते.

अम्मीला एक सवय आहे. रस्त्यात दगड, काटा, काच दिसली की ती थांबून बाजूला करते. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हाही इमानचा भाग, हे तिने लहानपणी ऐकले आणि आयुष्यभर पाळले. त्या रात्री खेडला परतताना ती खिडकीशी बसली होती, गुडघ्यावर हात फिरवत. मी म्हटले, "अम्मी, पुन्हा नको आता असा प्रवास."

ती म्हणाली, "का नको? पुढच्या वेळी चवदार तळ्यावर कमी बसू. आणि तू त्या गाडीच्या वेळेचे लिही कुठेतरी. दगड मोठा आहे, एकटीने हलणार नाही."

म्हणून हे लिहिले.